पेपर शेवटाकडून वाचा : इंजिनिअरिंग जर्नलच्या नव्या रिव्ह्यूअरसाठी

पीएचडी होऊन वर्षभर झालेलं असतं, दोन-तीन पेपर छापून आलेले असतात आणि एका सकाळी मेल येतो : अमुक जर्नलकडे छापण्यासाठी आलेलं हे मॅन्युस्क्रिप्ट (पेपरचा मसुदा) तुमच्या विषयातलं आहे, रिव्ह्यू कराल का, म्हणजे ते छापण्याजोगं आहे का हे तपासाल का? आधी बरं वाटतं. मग प्रश्न पडतो की यात नेमकं करायचं काय असतं. कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजी शिकवतात, पण दुसऱ्याचा पेपर कसा तपासायचा याचा तास मी तरी कुठे पाहिलेला नाही. मग नवा माणूस जमेल ते करतो. स्पेलिंगच्या चुका काढतो, दोन संदर्भ वाढवायला सांगतो, 'मायनर रिव्हिजन'वर, म्हणजे किरकोळ दुरुस्तीच्या शिफारशीवर, टिचकी मारतो आणि सुटतो. माझा पहिला रिव्ह्यू असाच होता. अकरा मुद्दे लिहिले होते, त्यातले नऊ स्वल्पविरामांचे.

मी सिव्हिलचा, त्यातही काँक्रीटचा माणूस. त्यामुळे खाली सगळी उदाहरणं काँक्रीटची आहेत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी क्यूबच्या (ताकद मोजायला फोडतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) जागी आपापला नमुना ठेवून वाचावं.

'हो' म्हणण्याआधी

एडिटरला तुमचं नाव तीन ठिकाणांहून मिळतं : पेपरच्या संदर्भयादीत तुमचा पेपर असतो म्हणून, जर्नलच्या डेटाबेसमध्ये तुमचे कीवर्ड जुळतात म्हणून, किंवा लेखकानेच तुमचं नाव सुचवलेलं असतं म्हणून. मेलमध्ये शीर्षक आणि सारांश असतो, बाकीचा पेपर 'हो' म्हटल्यावर एडिटोरियल मॅनेजर, स्कॉलरवन अशा एखाद्या सिस्टिममध्ये उघडतो. कुठे लेखकांची नावं तुम्हाला दिसतात, कुठे दोन्हीकडची नावं झाकलेली असतात. तुमचं नाव लेखकाला बहुतेक ठिकाणी कळत नाही.

मेल खरा आहे का हे आधी बघा. रिव्ह्यूच्या नावाखाली सभासदत्वाची फी मागणारे, संपादक मंडळावर घेतो म्हणून गळ घालणारे बरेच असतात. मेलमधल्या लिंकवर न जाता जर्नलची साइट स्वतः शोधून तिथून लॉगिन करा. उलट बाजूची लबाडीही झालेली आहे. २०१४ साली सेज या प्रकाशनसंस्थेने 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल' या इंजिनिअरिंग जर्नलमधले ६० पेपर एका फटक्यात मागे घेतले. तैवानमधल्या एका संशोधकाने बनावट नावांनी आणि ई-मेलनी रिव्ह्यूअरची खाती उघडली होती आणि निदान एकदा तरी स्वतःच्या पेपरचा रिव्ह्यू स्वतःच केला होता. तेव्हापासून बरेच एडिटर जीमेलच्या पत्त्याकडे जरा तिरक्या नजरेनेच बघतात. कॉलेजचा ई-मेल आणि ओआरसीआयडी (संशोधकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक तुमच्या खात्याला जोडून ठेवा.

आता स्वतःला विचारायचं. विषय येतो का? पूर्ण यायलाच हवा असं नाही. प्रयोगाचा भाग समजतो पण फायनाइट एलिमेंटचा (कॉम्प्युटरवरच्या गणिती मॉडेलचा) नाही, असं असेल तर तसं एडिटरला आधीच कळवा. ते दुसरा रिव्ह्यूअर त्या बाजूचा बघतात. वेळ आहे का? मुदत साधारण दोन ते चार आठवड्यांची असते आणि पहिल्या रिव्ह्यूला आठ-दहा तास सहज जातात. युनिव्हर्सिटीचे पेपर तपासायला पडलेत, पुढच्या आठवड्यात नॅकची (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची) कमिटी येणार आहे, अशा वेळी 'हो' म्हणून अडकू नका. दोन-तीन दिवसांत स्पष्ट नकार दिलेला एडिटरला चालतो. होकार देऊन गायब झालेला माणूस मात्र लक्षात राहतो. नकार देताना विषयातली दोन नावं सुचवली तर आणखी चांगलं.

आणि लागेबांधे? लेखकांत तुमचे गाईड असतील, तुमच्याच विभागातलं कुणी असेल, गेल्या काही वर्षांत ज्यांच्यासोबत पेपर लिहिला असे कुणी असतील, तर बाजूला व्हा. लोक एक प्रकार विसरतात : तुम्ही स्वतः अगदी हेच काम करत आहात आणि तुमचा पेपर अर्धा लिहून तयार आहे. हाही लागाबांधाच. शंका असेल तर एडिटरला दोन ओळी लिहा, ठरवू दे त्यांना.

आमंत्रण येतच नसेल तर गाईडना सांगा. त्यांच्याकडे आलेला एखादा पेपर तुम्ही दोघांनी मिळून तपासायचा, पण एडिटरची परवानगी घेऊन आणि तुमचं नाव त्यांना कळवून. गाईडने पेपर गुपचूप विद्यार्थ्याकडे सरकवायचा आणि विद्यार्थ्याने लिहिलेलं स्वतःच्या नावावर पाठवायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे आणि चुकीची आहे. मॅन्युस्क्रिप्ट गोपनीय असतं. प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या 'कोप' या संस्थेची रिव्ह्यूअरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती एकदा वाचून काढा. त्याच न्यायाने मॅन्युस्क्रिप्ट चॅटजीपीटीसारख्या टूलमध्ये टाकून 'रिव्ह्यू लिहून दे' म्हणणंही बाद. एल्सेव्हियरसारख्या मोठ्या प्रकाशकांनी हे नियमातच लिहिलंय. दुसऱ्याचा अप्रकाशित डेटा तुम्ही परस्पर तिसऱ्याच्या हवाली करत असता.

पहिलं वाचन, पेन खिशात ठेवून

पेपर एकदा सलग वाचा, खुणा न करता. पाऊण तास पुरतो. पेन हातात असलं की डोळा पहिल्याच पानावरच्या व्याकरणात अडकतो आणि पंधराव्या पानावरचा घोळ निसटतो.

वाचून झालं की पेपर बंद करून तीन-चार वाक्यांत लिहा : यांनी काय केलं, काय मिळालं म्हणतात, नवीन काय. हे लिहिता आलं नाही तर दोन शक्यता. तुम्हाला पेपर कळला नाही, किंवा पेपरमध्येच ते नाही. दुसऱ्यांदा वाचून कुठली शक्यता खरी ते ठरतं. हीच वाक्यं पुढे रिव्ह्यूचा पहिला परिच्छेद होतात, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

आता शेवटाकडून सुरुवातीकडे

माझी सगळी पद्धत या एका गोष्टीत आहे. निष्कर्षातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि त्याचा माग काढत उलटं चालायचं : निष्कर्षावरून आलेखाकडे, आलेखावरून तक्त्याकडे, तक्त्यावरून नमुन्याकडे आणि नमुन्यावरून प्रयोगशाळेतल्या टेबलापर्यंत. मध्ये जिथे वाट तुटते तिथे तुमचा मुद्दा असतो. पेपर लिहिणारा माणूस वाचकाला पुढे ढकलत असतो, त्यामुळे पुढे वाचताना पाणी कुठे मुरतंय ते दिसत नाही.

उदाहरण म्हणून एक मॅन्युस्क्रिप्ट मनाने रचू. विषय आपल्या ओळखीचा : साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख सिमेंटच्या जागी ५, १०, १५ आणि २० टक्के घालायची. महाराष्ट्रातल्या निम्म्या सिव्हिल विभागांत यावर कुणी ना कुणी काम केलेलं असतं. निष्कर्षात चार वाक्यं आहेत. १० टक्के राखेने २८ दिवसांची ताकद ४ टक्क्यांनी वाढते. क्लोराइड आत शिरणं निम्म्यावर येतं. सूक्ष्मरचना दाट होते. आणि कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटतं.

पहिलं वाक्य. आलेखात साध्या काँक्रीटचा दांडा ३६.२ एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं एकक), १० टक्के राखेचा ३७.७. वाढ ४ टक्के, गणित बरोबर. आता तक्त्याकडे या. साध्या मिक्सचे (मिश्रणाचे) तीन क्यूब : ३३.९, ३६.४, ३८.३. राखेचे तीन : ३५.६, ३७.९, ३९.६. एकाच घाण्यातल्या (एकदम कालवलेल्या काँक्रीटच्या) तीन क्यूबमध्येच ४ एमपीए किंवा त्याहून जास्त फरक आहे आणि लेखक ज्या वाढीवर पेपर उभा करतात ती १.५ एमपीएची आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे प्रत्येक क्यूब सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत असला की नमुना ग्राह्य, त्या कसोटीला हे सगळे क्यूब उतरतात. पण नमुना ग्राह्य असणं वेगळं आणि दोन मिक्समध्ये फरक आहे हे सिद्ध होणं वेगळं. तीन-तीन क्यूबवर एवढा फरक निव्वळ योगायोगानेही दिसेल. मुद्दा असा लिहायचा : वाढीचा दावा मागे घ्या, 'ताकद टिकून राहते' एवढंच म्हणा, किंवा जास्त क्यूब फोडून सांख्यिकी चाचणी दाखवा. खरं तर 'दहा टक्के सिमेंट काढूनही ताकद टिकते' हाच जास्त उपयोगाचा निष्कर्ष आहे, पण लेखकांना वाढ दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

बऱ्याच पेपरांत हे तीन आकडे दिलेलेच नसतात, नुसती सरासरी असते. मग पहिली मागणी तीच : प्रत्येक क्यूबचे आकडे किंवा निदान स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) द्या, आणि तिन्ही क्यूब एकाच घाण्याचे की वेगवेगळ्या, तेही सांगा.

जमेल तिथे स्वतः गुणाकार-भागाकार करा. १५० मिलिमीटरच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. तक्त्यात भार ७८० किलोन्यूटन आणि ताकद ३८ एमपीए लिहिली असेल तर जुळत नाही, ती ३४.७ यायला हवी. कदाचित १०० मिलिमीटरच्या क्यूबचे किंवा सिलिंडरचे आकडे मिसळलेत, कदाचित नुसती टायपिंगची चूक. लबाडी आहे असं गृहीत धरू नका. 'हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, खुलासा करावा' एवढं पुरे. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला रिव्ह्यूअर फार कमी असतो, आणि चुका तिथेच सापडतात.

आणखी एक पायरी मागे, मिक्सच्या तक्त्यात. राख वाढली तसं सुपरप्लास्टिसायझर (काँक्रीट पातळ करणारं रसायन) किती वाढलं? पाणी तेवढंच ठेवलं का? राखेत न जळलेला कार्बन असतो, तो हे रसायन शोषून घेतो आणि पाण्याची मागणी वाढवतो. स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) सारखा ठेवण्यासाठी लेखकांनी एका मिक्समध्ये पाणी कमी-जास्त केलं असेल तर ताकदीतला फरक राखेचा की पाण्याचा हे कुणीच सांगू शकणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे का, हा प्रश्न कुठल्याही शाखेच्या प्रायोगिक पेपरला लागू पडतो.

वयाकडेही बघा. पोझोलॅनिक क्रिया, म्हणजे राखेची सिमेंटमधल्या चुन्याशी होणारी क्रिया, सावकाश चालते. ७ दिवसांना राखेचं काँक्रीट जरा मागे, २८ ला जवळपास, ५६ आणि ९० ला पुढे, असा ओघ अपेक्षित असतो. २० टक्के राख घालून ७ दिवसांनाच मोठी उडी दिसत असेल तर कारण मागा. राख फार बारीक दळली असेल तर बारीक कणांमुळे पोकळ्या भरून थोडा फायदा लवकर दिसू शकतो. ते खरं असेल तर मग दळण्याचा तपशील आणि बारीकपणाचा आकडा पेपरमध्ये हवा.

आता राख स्वतः. रासायनिक घटकांचा तक्ता घ्या आणि बेरीज करा. ऑक्साइड आणि लॉस ऑन इग्निशन (तापवल्यावर घटणारं वजन) मिळून १०० च्या आसपास यायला हवी. ८३ आली तर काहीतरी गाळलंय, ११२ आली तर कुठला तरी आकडा चुकलाय. लॉस ऑन इग्निशन दिलेलंच नसेल तर तो मोठा मुद्दा. आपल्या आयएस ३८१२ या मानकात फ्लाय ॲशसाठी (औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेसाठी) ही मर्यादा ५ टक्के आहे. बगॅसच्या राखेला ती थेट लागू नाही, पण तुलनेला आधार मिळतो. आणि राख आली कुठून? नुसतं 'जवळच्या कारखान्यातून' चालत नाही. बॉयलरमधलं तापमान, राख ढिगातली की फिल्टरमधली, किती वेळ दळली, चाळणी कुठली : हे नसेल तर दुसऱ्या कुणाला हा प्रयोग परत करता येणार नाही. कारखान्याचं नाव देणं अडचणीचं असेल तर नाव नको, पण प्रक्रिया हवी.

क्लोराइडच्या दाव्यावर जरा जास्त थांबतो, कारण इथे नवे रिव्ह्यूअर हमखास फसतात. पेपरमध्ये एएसटीएम सी १२०२ या अमेरिकी मानकाची चाचणी असते : ५० मिलिमीटर जाडीची चकती, ६० व्होल्ट, ६ तास, आणि शेवटी कूलंबमध्ये (विद्युतभाराच्या एककात) आकडा. तो ३,२०० वरून १,५०० झाला की लेखक लिहितात, क्लोराइड निम्म्याहून कमी झालं. पण ही चाचणी क्लोराइड मोजत नाही, आरपार गेलेला विद्युतभार मोजते. राखेसारख्या पोझोलॅनमुळे छिद्रांतल्या द्रावाचे आयन बदलतात आणि द्रावाची वाहकताच घटते, त्यामुळे छिद्रं तशीच असली तरी कूलंब काही प्रमाणात खाली येतो. म्हणून दावा 'कूलंब निम्म्याहून कमी झाला' इथपर्यंतच जाऊ शकतो. त्यापुढे जायचं तर क्लोराइड खरोखर किती आत गेलं ते मोजणारी दुसरी चाचणी हवी. मोजलं काय आणि म्हटलं काय, यातली ही फट तुमच्या विषयातही कुठल्या तरी लोकप्रिय चाचणीत नक्की असणार. ती कोणती हे ठाऊक असणं म्हणजेच विषय येणं.

सूक्ष्मरचनेचं सांगायला फार वेळ नको. सेमचं (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं) एक चित्र, त्यावर चार बाण, खाली 'दाट सी-एस-एच जेल', म्हणजे काँक्रीटला बांधून ठेवणारा पदार्थ. काही मायक्रॉनच्या चित्रावरून अख्ख्या क्यूबबद्दल बोलता येत नाही. किती ठिकाणी बघितलं, जागा कशा निवडल्या, दोन्ही मिक्सची चित्रं सारख्या मोठेपणावर आहेत का, एवढं विचारा. चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघाच. वेगळ्या मिक्सच्या नावाखाली तेच चित्र फिरवून लावलेलं मी स्वतः पाहिलंय.

चौथं वाक्य तर साध्या बेरजेत पडतं. सिमेंट १० टक्के कमी केलं तर सिमेंटमधून येणारं उत्सर्जन फार तर १० टक्के कमी होईल, एकूण काँक्रीटचं त्याहून थोडं कमीच. ३० टक्के आले कुठून? बहुतेकदा लेखकाने राखेचं उत्सर्जन शून्य धरलेलं असतं, दळण्याची वीज आणि वाहतूक सोडून दिलेली असते आणि तुलनेला वेगळंच मिक्स घेतलेलं असतं. गणिताची सगळी गृहीतकं मागा.

मॉडेलचे पेपर

आजकाल दर तीन आमंत्रणांत एक तरी मशीन लर्निंगचं असतं, म्हणजे माझ्या मेलबॉक्समध्ये तरी. काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज, आणि डेटा तोच : यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या संग्रहातला १०३० ओळींचा, आठ इनपुटचा संच, जो १९९८ च्या एका पेपरमधून आलाय. आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९५ च्या वर बघून दबून जाऊ नका. त्या संचात एकच मिक्स वेगवेगळ्या वयांना पुन्हा पुन्हा येतं, काही ओळी तर जशाच्या तशा दोनदा आहेत. लेखकाने ओळी पत्त्यांसारख्या पिसून ८०-२० (८० टक्के मॉडेलला शिकवायला, २० टक्के परीक्षेला) वाटल्या असतील तर त्याच मिक्सची ७ दिवसांची ओळ शिकवायला गेली आणि २८ दिवसांची परीक्षेला आली. म्हणजे परीक्षेचा पेपर फुटलेला आहे, मार्क चांगले पडणारच. मिक्सप्रमाणे गट करून वाटणी करा आणि मग आकडा दाखवा, ही एक मागणी बऱ्याच मॅन्युस्क्रिप्टची हवा काढते. शिवाय विचारा की या मॉडेलची तुलना कशाशी केली? साध्या रिग्रेशनचा (डेटावर सरळ समीकरण बसवण्याच्या जुन्या पद्धतीचा) आकडा शेजारी नसेल तर नव्या अल्गोरिदमने काय मिळवलं ते कळत नाही.

नवं काय, आणि उसनं काय

प्रस्तावनेच्या शेवटी 'यावर फारसं काम झालेलं नाही' असं वाक्य असतं. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्वतः अर्धा तास शोधा. तेच काम आधी झालेलं सापडलं तर त्या पेपरचा पूर्ण संदर्भ द्या. 'यात नावीन्य नाही' एवढंच लिहून मोकळं होणं हा आळस आहे, आणि लेखकाला त्यावर काही उत्तरही देता येत नाही.

साम्य शोधणारं सॉफ्टवेअर जर्नल स्वतः चालवतं. तुम्ही बघायचं ते त्या सॉफ्टवेअरला न दिसणारं. काही लोक चोरलेला मजकूर शब्द फिरवणाऱ्या टूलमधून काढतात, मग 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि 'बिग डेटा'चं 'कलॉसल इन्फर्मेशन' होतं. २०२१ साली काही संशोधकांनी अशा शब्दांची यादीच गोळा केली आणि त्यांना 'टॉर्चर्ड फ्रेझेस' असं नाव दिलं. रोजचा पारिभाषिक शब्द विचित्र पोशाखात दिसला की थांबा आणि तो एडिटरला कळवा. लेखकासाठीच्या मजकुरात आरोप करू नका.

लिहायला बसताना

रिव्ह्यू इंग्रजीत लिहायचा असतो, आराखडा मात्र साधा. वर तुमचा तीन-चार वाक्यांचा सारांश, त्यात पेपरमधली चांगली गोष्ट खरी असेल तर तीही. मग मोठे मुद्दे, क्रमांक घालून. मग किरकोळ मुद्दे. लेखकाला प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं, म्हणून एका क्रमांकात एकच गोष्ट घाला आणि पान, ओळ, तक्ता यांचा पत्ता द्या.

एकच मुद्दा दोन प्रकारे लिहून दाखवतो. वाईट : 'निकालांची चर्चा अपुरी आहे, सुधारावी.' हे कुठल्याही पेपरला चिकटवता येतं. कामाचं : 'तक्ता ५ मधली १.५ एमपीएची वाढ प्रत्येक मिक्सच्या तीन क्यूबमधल्या आपसातल्या फरकापेक्षा कमी आहे. वाढीचा दावा टिकवायचा असेल तर जादा नमुने आणि चाचणी द्यावी, नाहीतर निष्कर्ष १ आणि सारांशातलं वाक्य बदलावं.' यात काय खटकलं, का खटकलं आणि सुटका कशी, तिन्ही आलं.

भाषेवरून पेपर पाडू नका. आपल्यापैकी बहुतेकांचं इंग्रजी शाळेत कमावलेलं आहे. जिथे अर्थच दोन निघतात अशी तीन-चार वाक्यं दाखवा, बाकीचं कॉपी एडिटरचं काम. आणि स्वतःचे चार पेपर संदर्भात घालायला सांगण्याचा मोह आवरा. एखादा खरोखर लागू असेल तर तो का लागू आहे ते लिहा. एडिटरला ही चलाखी लांबून दिसते.

लेखक रागावणार हे धरून चाला. १९३६ साली 'फिजिकल रिव्ह्यू'ने आइनस्टाइनचा पेपर रिव्ह्यूला पाठवला, तेव्हा आपल्याला न विचारता तो दुसऱ्याला दाखवला म्हणून आइनस्टाइननी चिडून पेपर परत घेतला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असा त्यात निष्कर्ष होता, आणि रिव्ह्यूअरने, म्हणजे एच. पी. रॉबर्टसन यांनी, त्यातली चूक बरोबर पकडली होती. पुढे तो पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. तुमच्या मुद्द्यात तथ्य असेल तर तो रागानंतरही उरतो. त्यासाठी आवाज चढवायची गरज नाही.

शिफारस

माझी कसोटी अशी. नुसतं लिखाण बदलून भागत असेल तर मायनर. पुन्हा गणित मांडावं लागेल, असलेल्या डेटाचं नवं विश्लेषण किंवा थोडे जादा नमुने लागतील तर मेजर. मुळात तुलनेचं मिक्सच केलेलं नसेल, किंवा सगळ्या मिक्समध्ये पाणीही बदललं असेल, तर रिजेक्ट. फुटलेला क्यूब परत फोडता येत नाही, आणि असा पेपर मेजरमध्ये लटकवून ठेवण्यात लेखकाचे सहा महिने जातात. पहिल्याच फेरीत 'ॲक्सेप्ट' म्हणण्याची वेळ माझ्यावर फार क्वचित आली आहे.

सिस्टिममध्ये दोन चौकोन असतात : एक लेखकासाठी, एक फक्त एडिटरसाठी. दुसऱ्यात काय लिहायचं? चोरीची शंका, चित्रांबद्दलची शंका, कुठला भाग तुम्हाला तपासता आला नाही. लेखकाला गोड आणि एडिटरला कडू असं दुटप्पी लिहू नका, एडिटरला पत्र लिहिताना त्रास होतो. शिफारसही लेखकाच्या चौकोनात नको. निर्णय एडिटरचा आहे, तिघांचे रिव्ह्यू बघून ते तुमच्या उलटही जाऊ शकतात.

दुसरी फेरी

दोन-तीन महिन्यांनी पेपर परत येतो, सोबत प्रत्येक मुद्द्याचं उत्तर. आधी उत्तरं वाचा, मग ती पेपरमध्ये खरोखर उतरली आहेत का ते बघा. 'सुचवल्याप्रमाणे बदल केला आहे' असं लिहून पेपर जसाच्या तसा ठेवणारे निघतात. लेखकाने तुमचा मुद्दा कारण देऊन नाकारला असेल आणि कारण पटत असेल तर तसं लिहून सोडून द्या. या फेरीत नवे मुद्दे उकरून काढू नका. पहिल्यांदा तुमच्या नजरेतून सुटलेली मोठी चूक असेल तरच काढा, आणि तेव्हा 'हे मी आधी सांगायला हवं होतं' असं लिहा.

काम संपलं की मॅन्युस्क्रिप्ट कॉम्प्युटरवरून काढून टाका, तुमचा रिव्ह्यू मात्र स्वतःजवळ ठेवा. वेब ऑफ सायन्सच्या प्रोफाइलवर केलेल्या रिव्ह्यूची नोंद करता येते आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ती कामी येते, पण मी रिव्ह्यू ठेवतो तो वेगळ्या कारणाने. निर्णय झाल्यावर बरीच जर्नल्स दुसऱ्या रिव्ह्यूअरचं लिखाणही तुम्हाला पाठवतात. ते उघडा आणि स्वतःचं शेजारी ठेवा. एका पेपरवर मी ताकदीच्या तक्त्यांवर दीड पान लिहिलं होतं. दुसऱ्या रिव्ह्यूअरने तीनच मुद्दे काढले होते, त्यातला पहिला : 'साध्या मिक्सचे क्यूब जानेवारीत आणि राखेचे मे महिन्यात ओतलेत असं परिशिष्टातल्या तारखांवरून दिसतं, क्युरिंगच्या (क्यूब भिजत ठेवण्याच्या) पाण्याचं तापमान दिलेलं नाही.' मी परिशिष्ट उघडलंच नव्हतं. आता मी पेपरची शेवटची फाइल आधी उघडतो.